अंगठा सुटला, अंगठा गुंतला

ताडकळसला आमचा रात्रीचा वाचनवर्ग भरतो. पूर्णा तालुक्यातले हे गाव. काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, आणि पाणी असेल तिथे हळद. दिवसभर शेतात राबून माणसे येतात, हातपाय धुतात आणि पाटी-पुस्तक घेऊन बसतात.

वर्गात एक मावशी आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. मागच्या वर्षी त्या सही करायला शिकल्या. पुढच्याच आठवड्यात बँकेत गेल्या. पैसे काढायची चिठ्ठी भरली. समोरच्या माणसाने सवयीने शाईची डबी पुढे सरकवली. मावशींनी ती परत सरकवली. म्हणाल्या, "ते राहू द्या. पेन द्या."

संध्याकाळी वर्गात येऊन त्यांनी मला अंगठा दाखवला. स्वच्छ अंगठा. "मास्तर, माझा अंगठा सुटला बघा!" (आधारच्या यंत्रावर अजून बोट टेकावे लागते, ते वेगळे. ते मोठ्या साहेबालाही टेकावे लागते.)

दिवाळी झाली आणि मावशी वर्गाला येईनाशा झाल्या. मला वाटले, कापूस वेचणीचे दिवस आहेत, दमत असतील. एक दिवस सहज घरी गेलो. मावशी ओसरीवर बसल्या होत्या. हातात मुलाचा जुना मोबाईल. अंगठा खालून वर, खालून वर. मी येऊन उभा राहिलो तरी त्यांना कळले नाही.

"मावशी, वाचन कसं चाललंय?"

त्या दचकल्या. मग हसल्या. "कशाचं वाचन, मास्तर! दिस मावळला की घडीभर हे बघत बसते. जीव रमतो. पर पुस्तक उघडलं की काय होतंय, कळंना. एक ओळ वाचली की मन उठून चाललं. अक्षरं तीच हाईत. मी कुठं गेले, काय माहीत!"

त्यांचे हे बोलणे माझ्या मनातून जाईना. अंगठा शाईतून सुटला आणि काचेवर जाऊन गुंतला. आज आपण त्याविषयीच वाचू.

आधी माझेच सांगतो, म्हणजे मास्तर दुसऱ्याला शहाणपण शिकवतो असे कोणी म्हणायला नको. परवा सोयाबीनचा भाव पाहायला मी मोबाईल उघडला. चुलीवर दूध ठेवले होते. भाव पाहिला. त्याच्या खाली एक म्हैस नाचत होती. ती पाहिली. तिच्या खाली एक माणूस दहा भाकरी खात होता. तो पाहिला. मग कुणाचे तरी भांडण, मग एक गाणे, मग कुठल्या तरी देशातला पूर. दूध उतू गेले, भांडे करपले, घरातून हाक आली. मान वर केली तेव्हा सव्वा तास झाला होता. आणि सोयाबीनचा भाव किती होता, ते मला सांगता येईना.

तुमचेही असे होत असेल. कोणी म्हणेल, आमचाच आळस, आमच्याच मनाचा दुबळेपणा. मी तसे म्हणणार नाही. थोडा दोष आपला असेल. पण ही चीज तशीच घडवली आहे.

ते कसे, ते पाहा. कीर्तन कितीही रंगले तरी आरती होते आणि माणसे उठतात. तंबूतला सिनेमा संपला की पडदा पांढरा होतो. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. टीव्हीवरची मालिकासुद्धा "उद्या बघा" म्हणून थांबते. प्रत्येक गोष्टीला शेवट असतो. शेवट आला की माणूस भानावर येतो. आता उठू, जनावरांना पाणी दाखवू, असे त्याच्या मनात येते.

मोबाईलवरच्या या चित्रांना शेवटच नाही. पूर्वी संगणकावर एक पान वाचून झाले की खाली पुढच्या पानाची खूण असे. ती दाबली तरच पुढचे पान उघडे. तेवढ्यात माणसाला विचार करायला क्षणभर मिळे. 2006 साली अमेरिकेतल्या आझा रास्किन नावाच्या एका तरुणाने ती खूण काढून टाकण्याची युक्ती शोधली. बोट सरकवत राहावे, खालून नवे येत राहते. त्याला वाटले, लोकांची सोय होईल. पुढे याच युक्तीने लोकांचा किती वेळ खाल्ला, हे पाहून त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली.

पंगतीत आग्रहाने वाढणारा माणूस तुम्ही पाहिला आहे. पान रिकामे दिसू देत नाही. किती जेवलो ते आपल्याला समजत नाही. पण तो वाढपी निदान पुढच्या पानाकडे तरी जातो. मोबाईलमधला वाढपी तुमच्याच पानाशी बसलेला असतो. तुम्हाला काय आवडते ते तो लक्षात ठेवतो. म्हशीच्या नाचावर तुम्ही जरा जास्त रेंगाळलात, की उद्या दहा म्हशी वाढतो.

दुसरी गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्किनर नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी पिंजऱ्यात कबुतरे ठेवली. कबुतराने एका चकतीवर चोच मारली की दाणा पडे. ठरावीक वेळा चोच मारल्यावरच दाणा पडतो असे ठेवले, तर कबुतर दाणा खाऊन जरा विसावा घेई. मग त्यांनी नियम बदलला. कधी दोन टोच्यांनंतर दाणा, कधी वीस, कधी पन्नास. काही अंदाज नाही. तेव्हा कबुतर थांबेचना. चोच मारतच राहिले.

आता सांगा, मटक्याचा आकडा लावणारा माणूस का थांबत नाही? रोज लागला असता तर त्याची गोडी उरली नसती. कधीच लागला नसता तर त्याने नाद सोडला असता. कधीतरी लागतो, म्हणून तो रोज जातो. मोबाईलवरही तेच. दहा चित्रे फालतू निघतात, अकरावे असे येते की पोट धरून हसू येते. मग पुढच्या अकराव्यासाठी अंगठा चालत राहतो.

आणि हे सगळे फुकट कसे? फुकट नाहीच. मधेमधे जाहिराती येतात. जाहिरातवाले कंपनीला पैसे देतात. तुम्ही जितका जास्त वेळ बसाल तितक्या जाहिराती जास्त. दुकानदार माल विकतो, तशी ही कंपनी तुमची बैठक विकते. तुम्ही लवकर उठलात तर तिचा तोटा.

हे आपल्या गावात आले कधी? फार जुनी गोष्ट नाही. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट एकदम स्वस्त झाले. त्याआधी माणूस पैसे मोजून मोजून बघत असे. मग टिकटॉकची लाट आली. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉक बंद केले. लोकांना वाटले, चला, सुटलो. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्या देशात रील सुरू केली. सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट आणले, तेही सगळ्या जगाच्या आधी भारतात. त्याच वर्षी करोनामुळे शाळा बंद होत्या आणि अभ्यास मोबाईलवर चालू होता. पोरांच्या हातात मोबाईल आपणच दिले. दुसरा इलाजही नव्हता. शाळा उघडल्या, पण हातातला मोबाईल सुटला नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. मन उठून का जाते?

औत धरणाऱ्याला हे चटकन कळेल. तासाला औत लागले की बैल सरळ चालतात. वेळ लागतो तो बांधाला, औत वळवताना. औत उचला, बैल फिरवा, पुन्हा तासाला लावा. समजा, कोणी दर पाच पावलांवर औत वळवू लागला. दिवसभर बैल चालतील, माणूस घामाघूम होईल, आणि संध्याकाळी रान तसेच पडलेले असेल.

मनाचेही असेच आहे. एका गोष्टीवरून दुसरीवर जाताना मनाला वळावे लागते. त्याला श्रम पडतात. अमेरिकेतल्या ग्लोरिया मार्क या बाईंनी कचेरीत काम करणाऱ्या लोकांचे निरीक्षण केले. 2004 साली माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटे टिकत होता. अलीकडच्या वर्षांत तो सरासरी 47 सेकंदच टिकतो, असे त्यांना आढळले. ते लोक शिकलेसवरलेले, पगारी. तिथे ही गत. रीलमध्ये तर काही सेकंदांनीच औत वळते. म्हैस, भाकरी, भांडण, पूर. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. घटकाभराने मन इतके वळलेले असते की सरळ चालायचे म्हटले तरी त्याला बांध आठवतो.

नुकते वाचायला शिकलेल्या माणसाला याचा सगळ्यात जास्त फटका बसतो. का, ते सांगतो. ज्याने लहानपणापासून वाचले, त्याला शब्द एका नजरेत दिसतो. तुम्हाला अजून अक्षर लावावे लागते. 'स'ला काना 'सा', 'त', 'बा', 'रा'. सातबारा. हे करताना ओळीचा शेवट येईपर्यंत ओळीची सुरुवात मनात धरून ठेवावी लागते. डोक्यावर घागर घेऊन चालण्यासारखे ते आहे. मधेच कोणी हाक मारली, मान वळली, की पाणी सांडले. पुन्हा विहिरीवर जाणे आले. पाचसहा वेळा सांडले की माणूस कंटाळतो. मोबाईलमध्ये तर काही वाचावेच लागत नाही. तिथे घागर नाही, विहीर नाही, आयते ओंजळीत येते. म्हणून पुस्तक जड वाटते. शिवाय नवे अक्षर वापरले नाही तर गंजते. विळ्यासारखे.

मोबाईल नुसता जवळ असला तरी मन तिकडे ओढते का? 2017 साली टेक्सासमधल्या विद्यापीठाने एक प्रयोग छापला. सुमारे आठशे लोकांना डोके लागेल अशी कामे दिली. काहींचा मोबाईल समोर मेजावर, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. सगळ्यांचे मोबाईल मुके केलेले. ज्यांचा दुसऱ्या खोलीत होता, त्यांचे काम सर्वांत चांगले झाले. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले, तेव्हा सगळीकडे तसाच निकाल आला नाही. म्हणून हे दगडावरची रेघ समजू नका. पण घरी करून पाहायला काही खर्च नाही.

आता विसाव्याचे पाहू. मावशी म्हणाल्या, जीव रमतो. खोटे नाही ते. दमलेल्या माणसाला दोन घटका हसू आले तर त्यात पाप काय? आणि एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. गावात मोबाईलचे नाव निघाले की बोट सुनेकडे जाते. पारावर चार चार तास रील बघणारे बापई कोणाला दिसत नाहीत. दिवसभर राबलेली बाई रात्री दहा मिनिटे बघते, तर ती बिघडली! हा न्याय मला पटत नाही.

पण रमणे वेगळे आणि विसावणे वेगळे. आपल्याकडचे जुने शेतकरी काही रान पावसाळाभर मोकळे ठेवत. त्यात खरिपाचे पीक घेत नसत. नुसत्या वखराच्या पाळ्या देत. नव्या माणसाला वाटे, रान वाया घालवले. पण ते रान पाऊस पीत असे. ती ओल पोटात साठे आणि तिच्यावर रब्बीची ज्वारी उभी राहत असे.

मोकळे बसलेले मनही असेच ओल साठवते. मेंदूचे फोटो काढणारी यंत्रे आली तेव्हा शास्त्रज्ञांना एक नवल दिसले. माणूस काही न करता नुसता पडून असला तरी मेंदूचे काही भाग जोरात काम करत असतात. 2001 साली मार्कस रेकल या शास्त्रज्ञाने त्यावर लिहिले. पुढे पुष्कळ संशोधन झाले. रिकाम्या वेळी माणूस झालेले आठवतो, उद्याचे ठरवतो, गुंता उलगडतो. बांधावर बसून एखादा चिलीम ओढताना दिसे, तेव्हा तो कर्जाचा हिशेबही करत असे आणि पोरीच्या लग्नाचा विचारही. (चिलीम वाईटच. मी बसण्याविषयी बोलतो आहे.) आता तो रिकामा वेळच राहिला नाही. एसटीची वाट पाहताना मोबाईल, दवाखान्याच्या रांगेत मोबाईल, मोटार चालू करून पाणी धरताना मोबाईल. मनाच्या रानात बाराही महिने पेरणी.

रात्रीचे तर विचारूच नका. जाणत्या माणसाला निदान 7 तास झोप हवी. शाळकरी पोरांना 9 तासांहून कमी चालत नाही. अंथरुणात मोबाईल घेतला की डोळ्यांवर उजेड पडतो, आणि उजेड मेंदूला सांगतो, अजून दिवस आहे. पण माझ्या मते त्याहून मोठे कारण साधे आहे. शेवट नाही, म्हणून माणूस झोपत नाही. आणि शेवटचे चित्र मारामारीचे किंवा अपघाताचे असले, तर ते घेऊनच डोळे मिटतो. सकाळी अंग जड, डोके जड. शेतातली वीज रात्रीच्या पाळीला असली की आधीच झोपेचे खोबरे. उरलेली झोप मोबाईलने खाल्ली, तर फवारणीचे औषध मोजताना हात चुकतो, दुचाकीवर डुलकी लागते. इथे जिवाशी गाठ आहे.

मोबाईलने माणसाचे मन किती बिघडते, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. कोणी फार म्हणतात, कोणी थोडे. पण गेलेली झोप आणि गेलेला तास यांबद्दल वाद घालायचे कारण नाही. ते ज्याचे त्याला कळते.

मग करावे काय? मोबाईल विहिरीत टाकायचा नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामानाचा सल्ला त्यावर येतो, पुण्याला कामाला गेलेल्या लेकाचे तोंड त्यावर दिसते. एकट्याने निश्चय करणेही अवघड. मी तीनदा केला, तीनदा मोडला. शेजारी बघत असला की आपलाही हात शिवशिवतो.

म्हणून सांगली जिल्ह्यातल्या एका गावाची हकिकत ऐका. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती सुमारे तीन हजार. शेतकरी आणि साखर कारखान्यातले कामगार. करोनानंतर शिक्षकांच्या लक्षात आले, की पोरे वर्गात बसतात, पण त्यांचे लक्ष नाही. 2022 साली सरपंच विजय मोहिते आणि पंचायतीने एक कल्पना मांडली. रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की घराघरातला टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. साडेआठपर्यंत दीड तास. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे.

पहिल्यांदा गावातले पुरुष हसले. असे कुठे होते का म्हणाले. मग पंचायतीने बायकांना बोलावले. बायका लगेच तयार झाल्या. म्हणाल्या, आमचाही वेळ मालिकांत जातोच. 14 ऑगस्टला ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनाला, भोंगा वाजला. सुरुवातीला लोकांना आठवण द्यावी लागे. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. हळूहळू सवय लागली. याची बातमी देशोदेशी गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावाने दुसरा ठराव केला: अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. ऑस्ट्रेलिया देशाने तर कायदाच केला. 10 डिसेंबर 2025 पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना अशा बऱ्याच ठिकाणी खाते ठेवता येत नाही. हेही प्रयत्न चांगल्या हेतूचे आहेत. पण मला वडगावची रीत जास्त आवडते. तिथे बापाने स्वतःचा मोबाईल खाली ठेवला, मग पोराला सांगितले.

हे मी आमच्या वर्गात वाचून दाखवले. मावशीही त्या दिवशी आल्या होत्या. वाचून झाले आणि मागे बसलेले एक आबा म्हणाले, "आपल्या गावाला भोंगा कोण वाजविणार? तवर काय करावं?"

मावशी उठल्या. कोपऱ्यातले टोपले आणले आणि मधोमध ठेवले. "तवर हे," म्हणाल्या आणि पोराचा जुना मोबाईल त्यात टाकला. मग एकेकाने आपापला टाकला. मी मास्तर असून शेवटी टाकला, हे कबूल करतो. तेव्हापासून वर्गाचा एक तास मोबाईल टोपल्यात असतात. घरी आजारी माणूस असेल त्याने आधी सांगावे, त्याचा मोबाईल खिडकीत ठेवतो. दोघांनी घरीही रीत पाडली: मोबाईल चार्जिंगला लावायचा तो देवळीत, उशाशी नाही. एकाने नातवाकडून टिणटिण वाजणाऱ्या सूचना बंद करून घेतल्या, फक्त फोनची घंटी ठेवली. पहाटे उठायला गजराचे घड्याळ आणले, कारण "वेळ बघायला मोबाईल उचलला की गेलोच," असे तो म्हणतो.

सगळे सुरळीत झाले असे नाही. आबांनी दोनदा लपवून बघितले. एक दिवस तर निम्मा वर्ग क्रिकेटच्या सामन्यासाठी आलाच नाही.

काल मावशी पुस्तकातला विहिरीवरचा धडा वाचत होत्या. बोट अक्षराखाली, ओठ हलत होते. चौथ्या ओळीवर होत्या. तेवढ्यात टोपल्यात एक मोबाईल गुरगुरू लागला. सगळ्यांच्या माना वळल्या. आबा अर्धे उठले.

मावशींनी मान वर केली नाही. बोट होते तिथेच ठेवून म्हणाल्या, "थांबा हो आबा. एवढी ओळ होऊ द्या."